जीपीएस नसताना जिओकॅश कशी शोधायची? शेवटचे दहा मीटर तसेही डोळ्यांचेच असतात

प्रश्न थोडक्यात असा: जिओकॅशिंगबद्दल वाचलं, करून बघावंसं वाटतं, पण हातात धरायचा जीपीएस नाही आणि एवढ्यात घ्यायचाही नाही. नुसते अक्षांश-रेखांश, नकाशा आणि फार तर एक होकायंत्र, एवढ्यावर डबी सापडेल का? सापडणार असेल तर सुरुवात कुठून करायची? आणि पुढेमागे यंत्र घ्यावंच लागेल का?

सापडते. माझ्या पहिल्या चाळीसेक डब्या मी कागदावर छापलेल्या नकाशांवर शोधल्या. पुढे यंत्र आलं, तरी अधूनमधून ते मुद्दाम घरी ठेवून जातो. त्यात शौर्य काही नाही, मजा वेगळी आहे एवढंच. खेळ ज्यांना अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी: कुणीतरी एक डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर जाहीर करतं, बाकीचे तो शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तसा ठेवून देतात. त्या डब्याला कॅश म्हणतात. रोकडीशी त्याचा संबंध नाही. दडवून ठेवलेला साठा, असा त्या शब्दाचा अर्थ.

आधी एक खात्री करून घ्या. ‘माझ्याकडे जीपीएस नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या खिशात स्मार्टफोन असतो, आणि त्यात जीपीएस असतोच. त्याला नेटवर्क लागत नाही. नकाशा आधी उतरवून घेतला तर सिम नसलेला जुना फोनही जागा दाखवतो. तसा फोन असेल तर तुमचा प्रश्न तिथेच मिटला. पुढचं सगळं फोन नसलेल्यांसाठी, आणि फोन खिशातच ठेवून शोधायची हौस असलेल्यांसाठी.

लोकांना वाटतं की जीपीएस माणसाला डबीपाशी नेऊन उभं करतो. तसं होत नाही. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची अचूकता पाचेक मीटर असते. दाट झाडी, उंच भिंती, दरी असं काही आलं की ती आणखी ढासळते. शिवाय ज्याने डबी लपवली त्याच्याही यंत्राची तेवढीच चूक त्या आकड्यांत आधीच बसलेली असते. दोन चुका एका बाजूला पडल्या तर यंत्रवाला माणूस डबीपासून दहा मीटरवर उभा राहून ‘इथेच असायला हवी’ म्हणत दगड उलटे करत बसतो. म्हणजे यंत्र तुम्हाला एका अंगणात आणून सोडतं आणि अंगणात शोधायचं काम डोळ्यांचंच असतं. नकाशावरून तुम्ही त्याच अंगणात पोचलात की दोघांची स्पर्धा बरोबरीची. आणि माझा अनुभव असा की नकाशावाला थोडा पुढेच असतो, कारण तो परिसर डोक्यात घेऊन आलेला असतो. यंत्रवाला वाटभर बाण बघत आलेला असतो.

हा खेळ जीपीएसमुळे जन्मला हे खरं. अमेरिकी सरकार नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाला शंभरेक मीटरच्या आत जागा कळत नव्हती. २ मे २००० रोजी ती भेसळ बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. माइक टीग यांनी ती सर्वांत आधी शोधली. पण याच्या आधीचा एक पूर्वज आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे. १८५४ साली इंग्लंडच्या डार्टमूर माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल (इंग्रजी ‘पूल’, म्हणजे डबकं) या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणारे तीत आपलं कार्ड टाकत. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’चा छंद वाढला: अमुक टेकडीचं टोक अमुक अंशावर दिसलं पाहिजे, तमुक दगडापासून इतकी पावलं. बाटली ते बादली मध्ये १४६ वर्षं गेली आणि एवढा काळ लोक जीपीएसशिवाय डबे शोधत होते. आपण करणार आहोत ते तेच.

आता प्रत्यक्ष काम. निम्मी लढाई डबी निवडतानाच जिंकली किंवा हरली जाते. वेबसाइटवर प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, दोन्ही १ ते ५. सुरुवातीला पहिला आकडा २च्या वर नको. आकार बघा: ‘मायक्रो’ म्हणजे १०० मिलिलिटरपेक्षा लहान, ‘स्मॉल’ लिटरभरापर्यंत, ‘रेग्युलर’ १ ते २० लिटर. जंगलातली मायक्रो पहिल्याच दिवशी घेऊ नका. अंगठ्याएवढी कुपी हजार झाडांत शोधणं यंत्र असणाऱ्यांनाही रडवतं. याउलट पूल, पायवाटांचा फाटा, जुनी भिंत, बाक, एकटं झाड असं काही नावात किंवा वर्णनात असेल तर ती डबी नकाशावाल्यांसाठीच ठेवली आहे असं समजा. प्रकार ‘ट्रॅडिशनल’ हवा, म्हणजे दिलेल्या आकड्यांवरच डबा असतो. ‘मिस्टरी’ प्रकारात वर दिलेले आकडे बहुधा निव्वळ दिखाव्याचे असतात आणि खरी जागा कोडं सुटल्यावर कळते. हे माहीत नसल्याने दिखाव्याच्या जागी तासभर शोधणारे लोक मी पाहिले आहेत.

मग नोंदी वाचा. आधी येऊन गेलेल्यांनी काय लिहिलंय ते वर्णनापेक्षा जास्त बोलकं असतं. ‘आकडे सात-आठ मीटर पूर्वेला सरकलेत वाटतं’, ‘हिंट वाचल्यावर लगेच दिसली’, ‘गुडघे चिखलात माखले’ अशी वाक्यं टिपून ठेवा. गुडघे माखले म्हणजे डबी खाली आहे, माणूस ओणवा झाला होता. ‘उंचीचा फायदा झाला’ म्हणजे वर बघा. सलग तीन-चार ‘नाही सापडली’ असतील तर डबी बहुधा गेलेली आहे, दुसरी निवडा. फोटो असतील तर माणसांच्या चेहऱ्यांकडे नको, पाठीमागे काय दिसतंय ते बघा.

हिंट सांकेतिक लिपीत असते, पण संकेत अगदी बालबोध आहे: इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं. ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. वर्णमालेचे तेरा-तेरा अक्षरांचे दोन अर्धे एकाखाली एक लिहिले की वरचं खाली, खालचं वर, एवढंच. घरीच उकलून घ्या. हिंट न बघता शोधण्याचा मान यंत्रवाल्यांना मिळू दे. आपण एक हात मागे बांधून खेळतोय, दुसरा तरी मोकळा असू द्या.

आकडे वाचणं हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सर्वांत मोठ्या चुका इथेच होतात. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग). त्या पहिल्या बादलीचेच घ्या: उत्तर ४५° १७.४६०′, पश्चिम १२२° २४.८००′. यातला ‘१७.४६०’ म्हणजे १७ मिनिटं आणि वर मिनिटाचा ४६० सहस्रांश. त्याला १७ मिनिटं ४६ सेकंद समजलात तर तुम्ही साडेपाचशे मीटरांहून जास्त उत्तरेला जाऊन पोचाल, कारण खरे सेकंद २७.६ आहेत. आणि सरळ ४५.१७४६० अंश असं नकाशात टाकलंत तर जवळजवळ तेरा किलोमीटर दक्षिणेला. बरोबर रीत अशी: मिनिटांना ६०ने भागायचं. १७.४६० ÷ ६० = ०.२९१, म्हणून ४५.२९१. तसंच २४.८ ÷ ६० = ०.४१३३३, म्हणून १२२.४१३३३, आणि पश्चिम आहे म्हणून त्याच्या आधी उणे चिन्ह. बहुतेक ऑनलाइन नकाशे हेच रूप मागतात.

एक प्रमाण मात्र पाठच करून टाका: अक्षांशाच्या मिनिटाचा एक सहस्रांश म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ मीटर, जगात कुठेही. रेखांशाचं अंतर विषुववृत्तावर तेवढंच, पण ध्रुवांकडे जाल तसं आखडत जातं. त्या बादलीच्या अक्षांशावर ते सुमारे १.३ मीटर भरतं. ‘आकडे उत्तरेकडे चार सहस्रांशांनी चुकलेत’ असं कुणी लिहिलं तर ते सातेक मीटर झाले हे लगेच कळलं पाहिजे.

जुना छापील नकाशा वापरणार असाल तर त्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. जीपीएसचे आकडे डब्ल्यूजीएस-८४ या पद्धतीतले असतात. जुने नकाशे त्या-त्या देशाच्या जुन्या पद्धतीवर बेतलेले असतात आणि दोन्हींत शंभर-दोनशे मीटरांचा, कधी त्याहून जास्त फरक निघतो. ग्रीनिचला वेधशाळेच्या आवारात जी प्रसिद्ध शून्य रेखांशाची पट्टी आहे, तिच्यावर उभं राहून यंत्र बघितलं तर ते शून्य दाखवत नाही. त्याचं शून्य १०२ मीटर पूर्वेला आहे. मी एकदा एका जुन्या नकाशावर फार सुबक टिंब काढून एका टेकाडावर दीड तास शोधत होतो. डबी पलीकडच्या उतारावर होती. टिंब सुबक होतं, नकाशाची पद्धत वेगळी होती. तेव्हापासून छापील नकाशा मी फक्त वाट ठरवायला वापरतो, टिंब उपग्रहचित्रावरच काढतो.

उपग्रहचित्रालाही आंधळेपणाने मानू नका. चित्र जमिनीवर बसवताना काही मीटर सरकलेलं असू शकतं, डोंगराळ भागात जास्तच. उपाय सोपा आहे: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नकाशांवर तेच आकडे टाका. दोन्हीकडे टिंब एकाच झाडाच्या बुंध्याशी पडलं तर उत्तम. एकात वाटेच्या डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे पडलं तर निदान आपली शंका केवढी रुंद आहे हे तरी कळलं. उंच वस्तू चित्रात कलंडलेल्या दिसतात. मनोऱ्याचं टोक एकीकडे, पाया दुसरीकडे. मोजमाप नेहमी पायापासून करा. झाडाच्या बाबतीत घेर दिसतो, बुंधा दिसत नाही, म्हणून एखाद्या मोठ्या झाडावरून मोजलेलं अंतर दोन-तीन मीटर इकडेतिकडे धरूनच चला.

आता माझी आवडती युक्ती, जिच्यासाठी होकायंत्रही लागत नाही. उपग्रहचित्र शक्य तेवढं मोठं करून छापा, डबीच्या जागी बारीक टिंब काढा. फूटपट्टीची कड त्या टिंबावर टेकवा आणि टिंब न सोडता ती सावकाश फिरवत राहा. कुठेतरी असं होईल की कडेवर दोन ठळक गोष्टी एकदम येतील, एक जवळची, एक लांबची. समजा कुंपणाचा कोपरा आणि त्यामागे पाण्याची टाकी. ती रेघ ओढून ठेवा. मग आणखी फिरवा आणि तशीच दुसरी जोडी शोधा. ती पहिल्या रेघेला शक्य तेवढी काटकोनात हवी. जागेवर गेलात की चालत चालत अशा ठिकाणी या की कुंपणाचा कोपरा टाकीच्या बरोबर पुढ्यात दिसेल. आता तुम्ही पहिल्या रेघेवर आहात. कोपरा आणि टाकी एकमेकांवरून हलू न देता पुढे-मागे सरका, दुसरी जोडी जुळेपर्यंत. दोन्ही जुळल्या तिथे पायाखालची जमीन म्हणजे तुमचं टिंब. होडीवाले किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून पाण्यातली जागा अशीच परत शोधून काढतात. लांबची वस्तू जितकी लांब आणि जवळची जितकी जवळ, तितकी रेघ नेमकी. एका पावलाने सरकलात तरी जोडी फुटलेली दिसते. मोकळ्या माळावर मी या रीतीने दोन-तीन मीटरांत येऊन उभा राहिलो आहे, जे कित्येकदा यंत्रालाही जमत नाही. दोन रेघा अगदी निमुळत्या कोनात छेदत असतील तर मात्र छेदाची जागा लांबट होते. तिसरी जोडी शोधा.

खुणा न दिसणाऱ्या जागी, म्हणजे झाडीत किंवा सपाट गवतात, पावलं आणि होकायंत्र. आधी आपलं पाऊल मोजा: १०० मीटर माहीत असलेल्या अंतरावर नेहमीच्या चालीने जा आणि फक्त उजवा पाय टेकेल तेव्हा मोजा. बहुतेकांचा आकडा साठ ते सत्तरच्या दरम्यान येतो. माझा चौसष्ट. चढावर पाऊल आखडतं हे विसरू नका. सपाटीचा चौसष्ट धरून चढ चढलात तर तुम्ही अलीकडेच थांबता, आणि थांबता तिथे झुडूप असलं की डबी त्यातच आहे असा भ्रमही होतो.

होकायंत्राचं एक लफडं आहे. सुई चुंबकीय उत्तर दाखवते, नकाशा खरी उत्तर. दोन्हींतला फरक जागेगणिक बदलतो: काही ठिकाणी नगण्य, काही ठिकाणी पंधरा-वीस अंश. पंधरा अंश विसरलात तर दोनशे मीटरांवर तुम्ही पन्नासेक मीटर बाजूला असाल. तुमच्या जागेचा फरक आधी बघून ठेवा. लोखंडी कुंपण, गाडी, फोनचं चुंबकी झाकण यांच्याजवळ सुई वाचू नका. एवढं सांभाळूनही हातातल्या होकायंत्राने पाच अंशांची चूक सहज होते आणि ती शंभर मीटरला पावणेनऊ मीटर पडते. म्हणून लांबून नेम धरायचा नाही. नकाशावर डबीच्या सर्वांत जवळची न चुकणारी खूण शोधा, समजा पायवाटेचा फाटा. तिथवर वाटेने आरामात जा आणि शेवटच्या पन्नास-साठ मीटरांसाठीच होकायंत्र बाहेर काढा.

वाट नसेल आणि डबी ओढ्याकाठी असेल, तर मुद्दाम चुकीचा नेम धरा. सरळ डबीकडे रोख ठेवलात आणि ओढ्याशी पोचून ती दिसली नाही, तर आता डावीकडे जायचं की उजवीकडे हे कळत नाही. त्याऐवजी सुरुवातीलाच पन्नास मीटर उजवीकडे रोख ठेवा. ओढा लागला की डोळे मिटून डावीकडे वळायचं. एखादी वस्तू ओढ्यापलीकडे किती लांब आहे ते बघायचं असेल तर हात ताठ करून अंगठा धरा, एक डोळा मिटा, मग डोळे बदला. अंगठा जेवढा सरकल्यासारखा दिसेल ते अंतर समोरच्या दृश्यात अंदाजाने धरून त्याला दहाने गुणा. अंदाज ढोबळ असतो, पण तीस मीटर की नव्वद एवढं नक्की कळतं.

‘मल्टी’ प्रकारातल्या कॅशला पुढचे आकडे जागेवर गेल्यावरच मिळतात. तिथे घरून काढलेलं टिंब उपयोगाचं नाही. यासाठी छापील चित्रावर आधीच जाळी आखून न्या. मिनिटाच्या दर शंभराव्या भागाला एक रेघ, म्हणजे उत्तर-दक्षिण साडेअठरा मीटरांचा चौकोन. नवे आकडे मिळाले की चौकोन मोजून टिंब काढायचं. वेळ लागतो. दोन टप्प्यांपर्यंत मजा येते, सहा टप्प्यांची मल्टी असली की मीसुद्धा यंत्र घेऊन जातो.

आता ते शेवटचे दहा मीटर. पोचल्या पोचल्या हात घालू नका. आधी उभं राहा. लपवणारा माणूसही याच वाटेने आला होता, त्यालाही काटे टोचतात, त्यालाही कुणी बघू नये असं वाटत होतं. तो कुठे वाकला असेल? वाटेवरून न दिसणारी पण वाटेवरून हात पोचेल अशी जागा कोणती? झाडाची वाटेकडची बाजू क्वचितच असते, पाठची बाजू बहुधा. मुळांमधली पोकळी, पडलेल्या ओंडक्याचं टोक, पायऱ्यांची खालची बाजू, बाकाच्या फळीखालचं लोखंड, जिथे चुंबक चिकटतं. तुम्हाला स्वतःला लपवायची असती तर जी जागा सुचली असती ती आधी बघा. दहात सहा वेळा तिथेच असते.

मग जे ‘बसत नाही’ ते शोधा. निसर्ग काटक्या समांतर रचत नाही. सारख्या लांबीच्या सात-आठ काटक्या ओंडक्याला टेकवून ठेवलेल्या दिसल्या तर त्या माणसाने ठेवलेल्या आहेत. खेळाडूंमध्ये अशा ढिगाची थट्टाच चालते. एकदा एका दगडी बांधापाशी मी वीस मिनिटं घालवली होती. वीस मीटर लांब बांध, शेकडो दगड, सगळ्यांवर करडं-हिरवं शेवाळ. शेवटी जरा लांब जाऊन बसलो, तेव्हा दिसलं की खालून दुसऱ्या थरात एका दगडाचा बाहेरचा गाल कोरा आहे. शेवाळ होतं, पण आतल्या बाजूला. परत ठेवताना कुणीतरी दगड उलटा बसवला होता. तो ओढला आणि मागे झाकणाचा प्लास्टिकचा डबा. दुसऱ्या एका ठिकाणी पुलाच्या कठड्यावर गंजलेल्या बोल्टांची रांग होती आणि त्यातल्या एकाला मागे नट नव्हता. तो बोल्ट नव्हताच, चुंबकावर बसवलेली पोकळ कुपी होती. जवळून शोधताना अशा गोष्टी दिसत नाहीत. दर दहा मिनिटांनी पाच पावलं मागे या.

काही नियम तुमच्या बाजूचे आहेत. सर्वांत मोठ्या वेबसाइटच्या नियमानुसार डबी लपवायला सहसा खड्डा खणता येत नाही, म्हणून तुम्हीही कुदळ-फावडं नेऊ नका आणि भिंतीचे दगड उचकटू नका. जोर लावावा लागतोय म्हणजे जागा चुकली. दोन प्रत्यक्ष डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे शेजारच्या डबीशी घोटाळा व्हायची भीती फारशी नाही. आणि नकाशा तुम्हाला कुणाच्या खासगी कुंपणावरून उडी मारायला सांगत असेल तर कुंपणाला वळसा घालणारी वाट शोधा, बहुधा असते. बिळात, कपारीत आधी काठी घाला, हात नंतर. ये-जा असेल तर थांबा. खेळाबाहेरच्या लोकांना खेळाडू ‘मगल’ म्हणतात, आणि त्यांच्यादेखत काढलेली डबी पुढच्या आठवड्यात तिथे नसते. खिशात पेन्सिल असू द्या. ओल्या वहीवर पेन चालत नाही. मायक्रोसाठी चिमटाही हवा, नाहीतर गुंडाळलेला कागद कुपीतून बाहेरच येत नाही.

अर्ध्या तासात नाही सापडली तर निघा आणि ‘नाही सापडली’ अशी नोंद प्रामाणिकपणे करा. नकाशावर शोधत होतो हेही लिहा. डबीच्या मालकाला त्यातून कळतं की डबी गेली आहे की तुमचं टिंब चुकलं. एका मालकाने मला अशा नोंदीनंतर कळवलं होतं की मी फोटोत ज्या दगडावर पिशवी ठेवली होती, डबी त्याच दगडाखाली आहे.

राहिला शेवटचा भाग, यंत्र घ्यावंच लागेल का. शोधायला नाही. पण एक दिवस तुम्हालाही डबी लपवावीशी वाटेल, तेव्हा मात्र कुणाचं तरी मागून आणा. तिथे नकाशावर टिंब काढून आकडे देणं चालत नाही, कारण तुमच्या टिंबाची चूक पुढच्या प्रत्येक माणसाच्या चुकीत मिसळते. जागेवर यंत्र काही मिनिटं स्थिर ठेवून आकडे घ्या, दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा घ्या, तिसऱ्यांदा घ्या आणि सरासरी काढा. मग ते आकडे उपग्रहचित्रावर टाकून बघा की टिंब त्याच झाडापाशी पडतं का.